पालखीतलं पुस्तक

मला एका जागी बसवत नाही. वर्गात तास चालू असला तरी मी बाकांमधून फिरत असते, स्टाफरूममध्ये चहा उभ्यानेच घेते आणि घरी मालिका बघताना दर पाच मिनिटांनी उठून काहीतरी आवरून येते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. अशा बाईच्या ताब्यात शाळेने वाचनालय दिलं, कारण मी मराठी शिकवते आणि मराठीच्या बाई वाचतात असा सगळ्यांचा समज असतो. वाचनालय म्हणजे स्टाफरूमबाहेरच्या व्हरांड्यात ठेवलेली दोन लोखंडी कपाटं. किल्ल्या माझ्या पर्समध्ये.

आता लपवण्यात काही अर्थ नाही. त्या दोन कपाटांतलं एकही पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नव्हतं. कॉलेजात वाचायचे, अगदी जेवताना ताटाशेजारी पुस्तक ठेवून वाचायचे. मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानाला गॅसवर दूध ठेवल्याची आठवण व्हायला लागली. दूध ठेवलेलं नसायचं. तरी मी उठून बघून यायचे आणि परत पुस्तकाकडे वळायचे नाही. पुढे पुढे उघडणंच बंद झालं. पण दरवर्षी वाचनाचा दिवस आला की माईकवर सगळ्यात मोठा आवाज माझाच.

सातवीतल्या त्या मुलीने ऑगस्टमध्ये माझ्याकडे एक जाड पुस्तक मागितलं. वडील एसटीत कंडक्टर, राजारामपुरीतच एका क्लासच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. मुलगी हाडाची बारीक, आवाज मात्र खणखणीत. पुस्तक कुणा माजी विद्यार्थ्याने दिलेल्या गठ्ठ्यातलं होतं, चारशेच्या वर पानं, निळी कडक बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. एका बेटावरच्या दीपगृहाची कादंबरी. आजवर ते कुणी मागितलंच नव्हतं.

"तुला झेपणार नाही," मी म्हणाले.

"झेपंल की. मी वाचतो हळूहळू."

आमच्याकडच्या पोरी 'मी वाचतो, मी जातो' असंच बोलतात. मी मराठीची बाई, पण ते कधी सुधारायला गेले नाही, कारण माहेरी गेले की मीही तसंच बोलते. मी तिला पुस्तक दिलं, पण घरी न्यायला नाही. जाड पुस्तकं घरी द्यायची नाहीत हा नियम माझाच. हरवलं तर कोण उत्तर देत बसणार? त्यामुळे ती मधल्या सुट्टीत यायची, डबा पाच मिनिटांत संपवून कपाटाला पाठ टेकून खाली फरशीवर बसायची आणि घंटा होईपर्यंत वाचायची. घंटा झाली की पुस्तक माझ्या हातात. मी ते कपाटात टाकून कुलूप लावायचे.

पुस्तक देताना ती रोज काहीतरी सांगायची. दिवा लावणारा म्हातारा, त्याची नात, त्या नातीचा बोटीवर गेलेला बाप. मी हजेरीचे तक्ते जुळवत "अच्छा, अच्छा" म्हणत राहायचे. तिला वाटायचं मी ऐकतेय. मी विचार करत असायचे की सहावी ब च्या वह्या अजून तपासायच्या आहेत.

ऑक्टोबर आला आणि ग्रंथदिंडीची गडबड सुरू झाली. आमच्या शाळेची दिंडी दरवर्षी निघते, पण या वर्षी मुख्याध्यापक सरांच्या अंगात आलं होतं. मागच्या वेळी शेजारच्या शाळेचा फोटो पेपरात आला आणि आमचा आला नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. दरवर्षी आम्ही पुठ्ठ्याची पालखी करायचो. या वेळी त्यांनी गल्लीतल्या जोतिबाच्या देवळातली खरी पालखी मागून आणली. पितळेची पिंपळपानं लावलेली, वर झुलणारे गोंडे. ती व्हरांड्यात आली तेव्हा आमचे शिपाईमामा चपला काढून पाया पडले.

"बाई, पालखी भरलेली दिसली पाहिजे," सर म्हणाले. "बारकी पुस्तकं टाकू नका. फोटोत दिसत न्हाईत. जाड घ्या, सोनेरी अक्षरांची."

जाड पुस्तकं आमच्याकडे मोजून सहा. दोन शब्दकोश, तीन चरित्रं आणि ते निळं.

दिंडीच्या दिवशी मी सकाळी सातला शाळेत पोचले. मैदानात हलगी तापवत होते. मुली नऊवारीत, मुलं फेट्यात, अर्ध्यांचे फेटे सुटलेले. माझी नुसती धावपळ चालली होती, हार कुठे आहेत, माईकला सेल घातले का, लेझीम कुणी कमी आणल्या. पुस्तकं काढायला व्हरांड्यात गेले तर ती आधीच उघडं कपाट बघून बसलेली. शिपाईमामांनी माझ्याकडून किल्ली घेऊन सकाळीच उघडलं होतं. हिरवी नऊवारी, नथ एका बाजूला कललेली, आणि मांडीवर ते निळं पुस्तक.

"दे ते," मी म्हणाले.

"बाई, चाळीसच पानं राहिल्यात. जहाज दिसाय लागलंय. दिंडी निघूस्तोवर मी संपवतो."

"दिंडी निघायची वेळ झाली. पालखीत ठेवायचंय."

"दुसरं ठेवा की."

एवढं साधं होतं ते. दुसरं ठेवा. पण सर मैदानातून माझ्या नावाने ओरडत होते, फोटोवाला आला होता आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ चाललेला. मी तिच्या मांडीवरून पुस्तक उचललं. ती कुठल्या पानावर होती ते बघायचंसुद्धा मला सुचलं नाही, बोट निघालं आणि पुस्तक मिटलं. "पुस्तक कुठे पळून जातंय काय? आल्यावर देते," मी म्हणाले आणि निघाले.

मैदानात माझं भाषण झालं. मी म्हणाले, पुस्तकासारखा सोबती नाही. मी म्हणाले, मी स्वतः रोज रात्री वाचल्याशिवाय झोपत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती नऊवारी सावरत तिसऱ्या ओळीत बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

पालखीत खाली चरित्रं, त्यावर शब्दकोश, सगळ्यात वर निळं पुस्तक, घाईत पालथंच ठेवलेलं. सरांना तरी काहीतरी कमी वाटत होतं. त्यांनी घरून भरजरी शाल आणवली आणि पुस्तकांवर घातली. त्यावर झेंडूचे हार आले, अबोलीची वेणी आली, आणि शेवटी बाहेरून बघणाऱ्याला आत पुस्तकं आहेत का आणखी काही, हे कळायला मार्गच उरला नाही. मला ते तेव्हा दिसलं होतं. बोलायला कुणाला वेळ होता?

दिंडी राजारामपुरीच्या गल्ल्यांतून निघाली. दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले, रिक्षा थांबल्या, दुचाकीवाले हॉर्न वाजवायचे सोडून हात जोडायला लागले. मला भरून आलं. वाटलं, लोकांना पुस्तकांचं एवढं वाटतं! मी माईकवर आणखी जोरात घोषणा द्यायला लागले. नंतर लक्षात आलं की लोक पालखीला ओळखत होते. दर चैत्रात हीच पालखी त्यांच्या दारावरून जाते.

तिसऱ्या की चौथ्या गल्लीत साड्यांच्या दुकानातून एक म्हाताऱ्या मालकीणबाई लगबगीने बाहेर आल्या. हातात आरतीचं ताट, मागून सून तांब्या घेऊन. "थांबवा वो, थांबवा! देव दारात आलाय आन तुम्ही तसंच पुढं निघालासा व्हय!" नववीच्या मुलांनी त्यांच्यासाठी पालखी खाली घेतली. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, मग मूठभर गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे उधळले आणि खड्या आवाजात चांगभलं केलं. अख्ख्या गल्लीने चांगभलं केलं. आमच्या पोरांनीही केलं, हलगी तर पेटलीच. मग सुनेच्या हातातला तांब्या त्यांनी घेतला.

तो तांब्या कलताना मी बघत होते. दूधपाणी होतं त्यात. पालखीच्या अगदी शेजारी मी उभी, हातात माईक, एक शब्द बोलले असते तर सगळ्या गल्लीला ऐकू गेला असता. मी सरांकडे बघितलं. सरांनी मोबाईल उंच धरला होता. "करू द्या, करू द्या, श्रद्धा आहे," ते पुटपुटले. म्हातारीने शालीच्या मधोमध, जिथे तिला पादुका असतील असं वाटत होतं तिथे, सगळा तांब्या ओतला. अगदी मनापासून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग वाकून नमस्कार केला.

पेपरात फोटो आला. सर खूश झाले.

शाळेत परत आल्यावर शाल काढली तेव्हा शब्दकोशांना फारसं काही झालं नव्हतं. वरच्या पुस्तकाने सगळं दूध प्यायलं होतं. पाठीमागच्या पुठ्ठ्याकडून आत गेलेलं दूध आणि गुलाल मिळून शेवटची पानं गुलाबी गोळा झाली होती. ते पुस्तक मी पर्समध्ये कोंबलं आणि घरी नेलं. दोन दिवस माझं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. पंख्याखाली ठेवलं, पानांमध्ये पावडर टाकली, केस वाळवायचं मशीन लावलं, फडकं ठेवून इस्त्री फिरवली. इस्त्रीने दुधाला वास सुटला. सुरीच्या टोकाने एक पान सोडवायला गेले तर तीन फाटली. शेवटची चाळीसेक पानं वीट झाली होती. मला त्या म्हातारीचा राग आला, सरांचा आला, शालीचा आला. स्वतःचा यायला वेळ लागला.

शाळेत ती दोनदा विचारायला आली. मी म्हणाले, वाळतंय. मग सहामाही परीक्षा सुरू झाली आणि विचारणं थांबलं. मला हायसं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. आठवीच्या मुलींच्या तुकडीवर तास चालू होता आणि ती दारात येऊन उभी राहिली. गणवेश नव्हता, घरचा फ्रॉक.

"बाई, दाखला घ्याय आलतो. पप्पांची गगनबावड्याला बदली झाली. उद्या जाणार आम्ही."

मला काहीच माहीत नव्हतं. मी दाराशी गेले. मागे पन्नास मुली कान टवकारून बसलेल्या.

"पुस्तक वाळलं काय? मी हितंच बसून वाचतो, पप्पा हाफिसात हाईत तवर."

"नाही गं. शेवटची पानं गेली त्याची. चिकटली."

ती मग म्हणाली, "मग तुम्हीच सांगा की, शेवटी काय होतं? जहाज येतंय का न्हाय?"

वर्ग ऐकत होता. पुस्तकासारखा सोबती नाही म्हणणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या. वाचलेलं नाही, हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. माझे पाय आपोआप फळ्याकडे निघाले, मी खडू उचलला, खाली ठेवला, आणि बोलायला लागले. "येतं तर! येणारच ना. वादळ होतं, पण दिवा चालू असतो. जहाज किनाऱ्याला लागतं. म्हातारा धावत खाली जातो आणि मुलाला घट्ट मिठी मारतो. नात वरून बघत असते." मला बोलायची सवय आहे. शेवटी शेवटी माझाच आवाज भरून आला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, किती भारी!

ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती, असं मला आता वाटतं.

"बरं," ती म्हणाली. वाकून पाया पडली आणि गेली.

दिवाळीत मी करंज्या केल्या, चकल्या केल्या, घर दोनदा धुतलं. ते 'बरं' कानातून जाईना. फुकटचं समाधान दाखवणारी मुलगी नव्हती ती. आवडलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते. भाऊबीज झाली आणि मी राजारामपुरीतल्या दोन पुस्तकांच्या दुकानांत जाऊन आले. एकाने नाव ऐकून मान हलवली, "आता छापत न्हाईत वो ते." शेवटी गावातल्या एका जुन्या वाचनालयात सापडलं. मी सभासद झाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिथल्या काकांनी पुस्तकावरची धूळ झटकली आणि म्हणाले, वेळेत आणून द्या.

मी ते स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानेच वाचायला घेतलं. तिसऱ्या पानाला दूध आठवलं. मी गॅसकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं. असं पुष्कळदा झालं. दुपारपर्यंत शंभरेक पानं झाली, मग दुसऱ्या दिवशी आणखी शंभर, आणि पुस्तकाच्या बरोबर मध्यावर, एका साध्या सकाळी, म्हातारा मेला. नातीने त्याला दिव्याच्या खोलीत बसल्या जागी बघितलं. पुढची दोनशे पानं तो दिवा ती एकटीच लावत होती.

मी पुस्तक ओट्यावर पालथं ठेवलं आणि गॅलरीत गेले, तिथून हॉलमध्ये, तिथून परत ओट्यापाशी. मेलेल्या माणसाला मी किनाऱ्यावर धावायला लावलं होतं, मिठी मारायला लावली होती. आणि ती समोर उभी राहून ऐकत होती. तो म्हातारा मेला त्या दिवशी ती व्हरांड्यात बसूनच वाचत होती, माझ्यापासून चार हातांवर. तिने पुस्तक परत देताना मला ते सांगितलं असणार. नक्की सांगितलं असणार. मी अच्छा म्हणाले असणार. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली आहे.

शेवट मी वाचला. तो इथे सांगत नाही. एकदा सांगून बघितलाय.

तिच्या वडिलांचा नंबर दाखल्याच्या अर्जावर होता. फोन केला तर ते घाबरले, काही राहिलं का म्हणून. मी म्हणाले, असंच भेटायला येते. "या की बाई, या! स्टँडवर उतरून कुणालाबी विचारा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसले. दोन तास पुस्तक मांडीवर धरून. सारखं वाटत होतं, काय सांगायचं तिला? गेल्या गेल्या सगळं खरं सांगून टाकायचं, की आधी पुस्तक द्यायचं? प्रत्येक थांब्याला उतरून परत जावंसं वाटलं. गगनबावड्याला उतरले तर भर दुपारी धुकं, आणि घाटाकडून येणारं वारं अंगाला झोंबत होतं.

त्यांचं घर स्टँडच्या मागेच होतं. वडील ड्यूटीवर गेले होते. आईने पाण्याचा तांब्या दिला आणि चहा ठेवायला आत गेली. मुलगी स्वेटर घालून बाहेर आली.

"बाई! कवा आलासा?"

मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. बांधणी वेगळी, तपकिरी, पण तिने नाव वाचलं आणि लगेच उंबऱ्यावर बसली. पानं उलटत गेली, एका जागी थांबली, दोन ओळी वाचल्या, मागे गेली, परत पुढे. मग तिचं बोट थांबलं. तिला पान अचूक आठवत होतं.

"लायब्ररीचं आहे. परत न्यायला लागेल," मी म्हणाले. "पण शेवटपर्यंत वाच. मी थांबते."

तिने मान हलवली. ती वाचायला लागली. मी अंगणात उभी. पाण्याच्या बॅरलपासून तुळशीपर्यंत सात पावलं होती, तेवढी गेले आणि आले. परत गेले. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. शेवटी मला राहवलं नाही.

"त्या दिवशी मी तुला सांगितलं ना, ते या पुस्तकात नाहीये. मी हे वाचलंच नव्हतं."

"ठावं हाय की," ती पानावरून नजर न काढता म्हणाली. "म्हातारं तर मधीच मेलतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्या पोरी हुत्या न्हवं वर्गात. हसल्या असत्या तुम्हाला."

एवढं बोलून ती परत वाचायला लागली, जणू त्यात विशेष काही नव्हतंच. तिला तिचं पुस्तक मिळालं नव्हतं, शेवट मिळाला नव्हता, दुसऱ्या दिवशी गाव सोडायचं होतं, आणि दारात उभी राहून ती माझी अब्रू सांभाळत होती. बारा वर्षांची पोर. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी पुन्हा बॅरलकडे चालायला लागले. तिथून तुळशीकडे. घसा खाकरला, पदराने डोळे पुसले, चपलेने एक खडा बाजूला सारला, परत वळले.

"बाई."

"काय गं?"

"बसा की जरा. तुम्ही अशा फिराय लागलासा की माझं ध्यानच लागत न्हाय वाचनात."

मी पायरीवर बसले. तिची अजून एकतीस पानं राहिली होती.